वीज गेली की पासवर्ड चालत नाही: कन्सोलवरच्या कीबोर्डची मांडणी पुन्हा पुन्हा जुन्यावर का जाते

तालुक्याच्या गावातील एका वाचनालयात पुस्तकांची नोंद ठेवणारा एक जुना संगणक सर्व्हर म्हणून चालतो. त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली आहे, डेस्कटॉप बसवलेला नाही, आणि रोजचे काम शेजारच्या दोन संगणकांवरून ब्राउझरमधून होत असल्यामुळे त्याच्या काळ्या पडद्यापुढे, म्हणजे कन्सोलपुढे, महिनोन्महिने कोणी बसत नाही. बसावे लागते ते वीज जाऊन आल्यावर, कारण नोंदणीची सेवा तेव्हा हाताने सुरू करावी लागते. मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा मॉनिटरच्या कडेला पिवळी पडलेली एक चिठ्ठी चिकटवलेली होती: ‘लाइट गेल्यावर पासवर्ड चालला नाही तर @ साठी २ चे बटण न दाबता एंटरच्या अलीकडचे बटण शिफ्टसह दाबणे.’ ग्रंथपाल बाईंचे निदान याहून थेट होते. “सर, वीज गेली की हा पासवर्ड आपोआप बदलतो,” असे त्यांनी सांगितले, आणि त्यांनी पाहिलेल्या लक्षणांवरून दुसरे काही सुचणे कठीणच होते.

पासवर्ड बदलत नव्हता, बदलत होती ती कीबोर्डची मांडणी. हा दोष कोणीतरी दरवेळी ‘दुरुस्त’ करून जात असे आणि पुढच्या खंडित विजेबरोबर तो परत येत असे. लिनक्सच्या कन्सोलवर ही तक्रार इतक्या वेळा आणि इतक्या रूपांत दिसते की तिच्या मुळाशी एकदा नीट जाणे श्रमाचे वाटले तरी फायद्याचे ठरते.

एक खुलासा आधी करतो. या लेखात कमांडची आणि फायलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. कन्सोलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची आहेत, आणि मांडणीच्या फाइलमधील ‘एक्सकेबी’ने सुरू होणारी नावे आणि ‘व्हीकन्सोल डॉट कॉन्फ’मधील ‘कीमॅप’ हे नाव वगळता सर्व लहान अक्षरांत.

लॉगिन न करता करायची पहिली तपासणी

पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, त्यामुळे तिथे आपण काय टाइप केले हे कळण्याचा मार्ग नसतो. वापरकर्त्याचे नाव मात्र उमटते, आणि निदानासाठी तेवढे पुरते. लॉगिनच्या ओळीत नाव न लिहिता शिफ्टसह २, शिफ्टसह ३, मग बॅकस्पेसच्या खालची \ ची कळ आणि शेवटी तीच कळ शिफ्टसह दाबावी. कीबोर्डवर छापल्याप्रमाणे @ # \ | असे उमटले तर मांडणी बरोबर आहे. त्याऐवजी " £ # ~ असे उमटले तर यंत्राने समोरचा कीबोर्ड ब्रिटिश आहे असे धरले आहे. पाहून झाले की बॅकस्पेसने ओळ पुसावी. या ओळीत खरा पासवर्ड टाइप करून ‘बघण्याचा’ मोह मात्र टाळावा. मागे उभा असलेला माणूस तो वाचतो.

वाचनालयात नेमकी हीच चार चिन्हे उमटली. भारतात विकले जाणारे कीबोर्ड जवळजवळ सगळे अमेरिकी मांडणीचे असतात. फार तर ४ च्या कळीवर रुपयाचे चिन्ह जास्तीचे छापलेले असते. आपण शाळेत मात्र ‘कलर’ लिहिताना त्यात ‘यू’ घालायला शिकतो, आणि म्हणून डेबियन बसवताना यादीत ‘अमेरिकन इंग्लिश’ आणि ‘ब्रिटिश इंग्लिश’ असे दोन पर्याय समोर आले की अनेकांचा हात सवयीने दुसऱ्यावर जातो. तिथे प्रश्न स्पेलिंगचा नसून @ कुठे आहे याचा असतो. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर तर हा प्रश्न न निवडताही येत असे, कारण ते यंत्र ब्रिटनमधले असून त्याच्या अधिकृत प्रणालीत बराच काळ मूळ मांडणी ब्रिटिशच ठेवलेली होती.

या दोन मांडण्यांत अक्षरे आणि अंक तंतोतंत सारखे असतात, आणि हाच या दोषाचा खरा कावा आहे. वापरकर्त्याचे नाव बरोबर उमटते, कमांड बरोबर उमटतात, आणि मांडणी चुकलेली आहे अशी शंकासुद्धा येत नाही. मांडणी जर्मन असती तर वाय आणि झेड यांची अदलाबदल पहिल्याच मिनिटाला दिसली असती, आणि फ्रेंच असती तर अंकांसाठीही शिफ्ट दाबावे लागले असते. ब्रिटिश मांडणी मात्र मोजक्या चिन्हांपुरती बदलते, आणि नेमकी तीच चिन्हे पासवर्डमध्ये आणि शेलमध्ये, म्हणजे कमांड लिहितो तिथे, लागतात. @ आणि " यांनी जागा बदललेल्या असतात, # च्या जागी £ येतो, आणि एस्केपच्या खालच्या कळीवर ~ च्या ऐवजी ¬ असे कोणाच्याही उपयोगाचे नसलेले चिन्ह येते. \ आणि | तर ब्रिटिश मांडणीत डावे शिफ्ट आणि झेड यांच्यामधल्या एका जादा कळीवर असतात; ती कळ ब्रिटिश कीबोर्डच्या १०५ कळांमध्ये असते, आपल्याकडच्या १०४ कळांमध्ये नसते.

कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंत

निदान पक्के करायचे असेल तर लॉगिन झाल्यावर ‘शोकी’ ही कमांड वापरावी. तिला ‘-के’ हा पर्याय दिला की दाबलेल्या कळीचा क्रमांक दिसतो, आणि शेवटची कळ दाबून दहा सेकंद झाले की ती स्वतःच थांबते. शिफ्टसह २ दाबल्यावर ४२ आणि ३ हे क्रमांक दिसले पाहिजेत. पहिला डाव्या शिफ्टचा, दुसरा २ च्या कळीचा. ते तसे दिसले तर कीबोर्ड, त्याची वायर आणि कर्नलचा, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचा, ड्रायव्हर हे तिघेही निर्दोष आहेत. आता ‘-ए’ हा पर्याय देऊन तीच कळ दाबावी. या वेळी कळीचा क्रमांक न दिसता अक्षराचा क्रमांक दिसतो. @ चा क्रमांक ६४ आहे, ३४ दिसला तर ते " आहे. ही तपासणी कंट्रोल आणि डी एकत्र दाबून संपवावी.

या दोन उत्तरांच्या मधल्या जागेत दोष आहे. कर्नलकडे एक तक्ता असतो, ज्याला कीमॅप म्हणतात; अमुक क्रमांकाची कळ शिफ्टशिवाय दाबली तर कोणते अक्षर आणि शिफ्टसह दाबली तर कोणते, हे त्यात लिहिलेले असते. कन्सोलसाठी हा तक्ता पूर्ण यंत्रात एकच असतो. अल्टसह एफ१, एफ२ दाबून आपण एका आभासी कन्सोलवरून दुसऱ्यावर गेलो तरी तक्ता तोच राहतो, त्यामुळे एका ठिकाणी बदल केला की तो सगळीकडे लागू होतो. महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा तक्ता केवळ मेमरीत असतो आणि यंत्र बंद झाले की नाहीसा होतो.

‘लोडकीज’ ही कमांड हा मेमरीतला तक्ता बदलते, दुसरे काही करत नाही. वाचनालयात दरवेळी फोनवरून कोणीतरी सांगत असे की चिठ्ठीप्रमाणे लॉगिन करा आणि लोडकीज यूएस ही कमांड चालवा. ती चालली की चिन्हे जागेवर येत, आणि दोष गेला असे मानून फोन ठेवला जाई. पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना जुनी फाइल पुन्हा वाचली जाई, आणि ब्रिटिश तक्ता पुन्हा मेमरीत चढे.

इथे एक गोष्ट सहसा उलटी समजली जाते. यंत्र सुरू झाल्यावर मांडणी ‘मूळ पदावर’ जाते आणि ते मूळ पद ब्रिटिश आहे असे लोकांना वाटते. वास्तविक लिनक्स कर्नलमध्ये अंतर्भूत असलेला तक्ता अमेरिकीच आहे. काहीच केले नसते तर @ बरोबर उमटला असता. सुरू होण्याच्या प्रक्रियेत ‘कीबोर्ड-सेटअप’ नावाची सेवा एक फाइल वाचून तो चांगला तक्ता पुसते आणि चुकीचा चढवते. म्हणून दुरुस्ती त्या फाइलमध्येच झाली पाहिजे.

चुकीच्या जागी घातलेली ठिगळे

ती फाइल शोधण्याऐवजी लोडकीज यूएस ही ओळ कुठेतरी आपोआप चालावी अशी सोय करणारे पुष्कळ भेटतात. वाचनालयातही ती ओळ व्यवस्थापकाच्या खात्यातील ‘बॅशआरसी’ फाइलमध्ये सापडली. ती फाइल लॉगिन झाल्यानंतर वाचली जाते, म्हणजे पासवर्ड टाइप करून झाल्यानंतर; ज्या क्षणासाठी मांडणी बरोबर हवी होती तो क्षण तेव्हा उलटून गेलेला असतो. शिवाय हे खाते एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कद्वारे, उघडले की दरवेळी कन्सोलचा फाइल-क्रमांक मिळवता आला नाही अशी इंग्रजीतली तक्रार पडद्यावर येत असे, कारण एसएसएचच्या टोकाला लिनक्सचे कन्सोल नसतेच. तीच ओळ यंत्र सुरू होताना चालणाऱ्या जुन्या ‘आरसी-लोकल’ फाइलमध्ये घातली तर ती चालते खरी, पण लॉगिनची ओळ आधी येते की ही कमांड आधी चालते हे त्या त्या दिवसाच्या शर्यतीवर राहते, आणि कधी चालणारे कधी न चालणारे यंत्र हे कधीच न चालणाऱ्या यंत्रापेक्षा अधिक छळते.

एसएसएचचा मुद्दा थोडा सविस्तर सांगण्याजोगा आहे. दूरच्या यंत्रावर एसएसएचने काम करताना कळीचे अक्षर तुमच्या समोरच्या लॅपटॉपवरच ठरते आणि सर्व्हरकडे तयार अक्षर पोहोचते. सर्व्हरच्या कीमॅपचा त्याच्याशी संबंध येत नाही. यावरून एक उपयुक्त कसोटी मिळते: अमेरिकी मांडणीच्या लॅपटॉपवरून एसएसएचने पासवर्ड चालत असेल आणि सर्व्हरसमोर बसून चालत नसेल, तर पासवर्डमध्ये खरोखरच @ आहे आणि कन्सोलची मांडणी चुकलेली आहे. उलट, कन्सोलवर चालतो आणि एसएसएचने चालत नाही, असे असेल तर पासवर्ड ठेवतानाच मांडणी चुकीची होती आणि साठवलेल्या पासवर्डमध्ये @ नसून " आहे. ‘कन्सोलचा आणि नेटवर्कचा पासवर्ड वेगळा असतो’ हा समज याच प्रकारातून पसरतो.

दुरुस्तीपूर्वी पासवर्ड

वर सांगितलेला दुसरा प्रकार धोकादायक आहे, कारण त्यात मांडणी दुरुस्त केल्याबरोबर तुम्ही स्वतःच बाहेर अडकता. चुकीच्या मांडणीत ठेवलेला पासवर्ड चुकीच्या मांडणीतच चालतो. म्हणून फाइलला हात लावण्यापूर्वी पासवर्ड बदलून तात्पुरता असा ठेवावा की ज्यात केवळ रोमन लहान अक्षरे आणि अंक आहेत. लांबी वाढवून त्याची ताकद भरून काढता येते. तो ब्रिटिश आणि अमेरिकी अशा दोन्ही मांडण्यांत सारखाच टाइप होतो. याशिवाय कंट्रोल, अल्ट आणि एफ२ दाबून दुसऱ्या कन्सोलवर रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून लॉगिन करून ते उघडे ठेवावे. मांडणी बदलली तरी उघडलेले सत्र बंद पडत नाही.

डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागते, कारण तिचा परवलीचा शब्द यंत्र सुरू होताना फार लवकर विचारला जातो आणि तो चुकला तर दुसरे कन्सोल वगैरे काहीच हाताशी नसते. लिनक्समधील डिस्क एन्क्रिप्ट करण्याच्या लक्स पद्धतीत एकाच डिस्कला अनेक परवलीचे शब्द देता येतात. जुन्या आवृत्तीत आठ जागा असतात. त्यांपैकी एका जागेत केवळ अक्षरांचा आणि अंकांचा शब्द आधी भरून तो एकदा चालवून पाहावा, आणि मगच पुढे जावे.

खरी दुरुस्ती

डेबियन, उबुंटू आणि रास्पबेरी पाय ओएस यांत मांडणीची फाइल ईटीसी फोल्डरातील डिफॉल्ट फोल्डरात ‘कीबोर्ड’ या नावाने असते. तिच्यात मोजून पाच ओळी कामाच्या आहेत. पहिली कीबोर्डच्या प्रकाराची. तिथे ‘पीसी१०५’ लिहिलेले असले तरी १०४ कळांच्या कीबोर्डला त्याने काही अपाय होत नाही, ती बदलू नये. दुसरी ‘एक्सकेबीलेआउट’ ही मांडणीची, आणि दोष इथेच असतो: वाचनालयाच्या यंत्रात तिथे ‘जीबी’ होते, तिथे ‘यूएस’ हवे. उरलेल्या तीन उपप्रकार, जादा पर्याय आणि बॅकस्पेसच्या वर्तनाबद्दल आहेत.

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे रूट म्हणून ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर’ या कमांडला ‘कीबोर्ड-कॉन्फिगरेशन’ हे पॅकेजचे नाव देणे. ती प्रश्न विचारते, उत्तरांवरून फाइल लिहिते आणि पुढची कामेही करते. रास्पबेरी पायवर हेच काम ‘रास्पी-कॉन्फिग’च्या मेनूतून होते.

फाइल हाताने बदलायची असेल तर एका गमतीदार खड्ड्यापासून सावध राहावे. तुम्ही ती चुकीच्या मांडणीतच बदलत आहात. अवतरणचिन्हासाठी सवयीने शिफ्टसह एंटरच्या अलीकडची कळ दाबली की फाइलमध्ये @ उमटतो, आणि घाईत ते लक्षात न आल्यास मांडणीचे नाव ‘यूएस’ न राहता ‘@यूएस@’ होते. म्हणून आहे त्या अवतरणचिन्हांना हात न लावता आतली दोन अक्षरे खोडून दोन नवी लिहावीत. ही फाइल शेल वाचत असल्यामुळे = या चिन्हाच्या अलीकडे-पलीकडे मोकळी जागा सोडलेलीही तिला चालत नाही.

हाताने फाइल बदलली की ‘सेटअपकॉन’ ही कमांड ‘सेव्ह’ या लांब पर्यायासह चालवावी. त्या पर्यायापूर्वी दोन आडव्या रेघा लागतात. नुसत्या सेटअपकॉनने नवी मांडणी तत्काळ लागू होते. सेव्हमुळे तयार कीमॅपची प्रत ईटीसीमधील कन्सोल-सेटअप फोल्डरात नव्याने साठवली जाते. यंत्र सुरू होताना वेळ वाचावा म्हणून ही तयार प्रत वापरली जाते, आणि फाइलमध्ये ‘यूएस’ दिसत असूनही मांडणी ब्रिटिशच येते अशी तक्रार असेल तर पहिला संशय या शिळ्या प्रतीवर घ्यावा. त्यानंतर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ ही कमांड ‘-यू’ पर्यायासह चालवावी. डिस्क उघडण्यापूर्वी चालणाऱ्या छोट्या प्रणालीत कीमॅपची स्वतंत्र प्रत असू शकते, आणि ती या कमांडनेच नवी होते.

केवळ आजची वेळ निभावायची असेल आणि लोडकीज यूएस म्हटल्यावर अशी फाइलच नाही असे उत्तर आले, तर गोंधळून जाऊ नये. डेबियनच्या छोट्या संचांत तयार कीमॅपच्या फायली अनेकदा नसतात. तिथे कन्सोलचा तक्ता एक्सच्या, म्हणजे डेस्कटॉपमागच्या चित्रमय प्रणालीच्या, मांडणीवरून ‘सीकेबीकॉम्प’ ही कमांड तयार करते. तिला ‘यूएस’ हे नाव देऊन येणारे उत्तर > या चिन्हाने टीएमपी फोल्डरातील एखाद्या फाइलमध्ये वळवावे आणि ती फाइल लोडकीजला द्यावी. बहुतेक ठिकाणी हे काम | वापरून एकाच ओळीत करायला सांगितलेले असते, पण तेच चिन्ह तर आपल्याला उमटवता येत नसते. | ची कळ दाबली की ~ येतो आणि \ ची दाबली की # येतो, आणि शेलमध्ये शब्दाच्या सुरुवातीला आलेल्या # नंतरचे सगळे टिप्पणी म्हणून सोडून दिले जाते, त्यामुळे अर्धी कमांड मुकाट्याने गायब होते. > मात्र दोन्ही मांडण्यांत एकाच जागी आहे. अगदीच गरज पडली तर डेबियनच्या ब्रिटिश मांडणीत उजवे अल्ट धरून एस्केपखालची कळ दाबल्यास | मिळतो.

तरीही परत येत असेल तर

वरचे सर्व करूनही मांडणी परत जात असेल तर ती दुसरीकडून येत आहे असे समजावे. फेडोरा, आर्च आणि त्यांच्या जातकुळीतील प्रणालींत डेबियनची ही फाइल नसते. तिथे ईटीसीमधील ‘व्हीकन्सोल डॉट कॉन्फ’ या फाइलमध्ये ‘कीमॅप’ची ओळ असते, आणि ती ‘लोकलसीटीएल’ या कमांडला ‘सेट-कीमॅप यूएस’ असे सांगून बदलता येते. नावांतील एक विसंगती इथे अडवते: कन्सोलच्या जुन्या कीमॅपच्या यादीत ब्रिटिश मांडणीचे नाव ‘यूके’ आहे, तर एक्सच्या यादीत ‘जीबी’. एकीकडचे नाव दुसरीकडे लिहिले की ते अनेकदा सापडत नाही.

या प्रणालींत कर्नलला सुरू करताना दिलेल्या ओळीतही मांडणी सांगता येते, आणि ती फाइलपेक्षा वरचढ ठरते. म्हणून प्रॉक फोल्डरातील ‘सीएमडीलाइन’ ही फाइल वाचून तिच्यात ‘व्हीकन्सोल डॉट कीमॅप’ असा काही शब्द आहे का हे पाहावे. तो असेल तर ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या बूट-लोडरच्या, सेटिंगमधून काढावा, अन्यथा फाइलमध्ये काहीही लिहिले तरी व्यर्थ. मात्र लोकलसीटीएलने दाखवलेल्या स्थितीवर पूर्ण भिस्त ठेवू नये. ती साठवलेली मांडणी सांगते, मेमरीत या क्षणी कोणता तक्ता आहे हे ती सांगत नाही. ते हवे असल्यास ‘डम्पकीज’चे उत्तर फाइलमध्ये वळवून ३ क्रमांकाच्या कळीची ओळ वाचावी.

ग्रबचा स्वतःचा पडदा आणि त्याआधीचा फर्मवेअरचा पडदा हे या साऱ्याच्या बाहेर आहेत. ग्रब सहसा अमेरिकी मांडणीच धरून चालतो. ज्या यंत्रात बूटचा भागही एन्क्रिप्ट केलेला आहे तिथे पहिला शब्द ग्रब एका मांडणीत आणि दुसरा लिनक्स दुसऱ्या मांडणीत विचारतो, असे घडू शकते. डेस्कटॉपचेही तसेच: डेबियनमध्ये एक्सची मूळ मांडणी याच फाइलमधून येते खरी, पण ग्नोमसारखी डेस्कटॉपची व्यवस्था प्रत्येक वापरकर्त्याची आवड वेगळी लक्षात ठेवते, आणि कन्सोल सुधारले तरी तिथले जुने तसेच राहते.

बीएसडी या लिनक्सच्या भाऊबंद प्रणाली वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: फ्रीबीएसडीत ‘केबीडीमॅप’च्या मेनूतून मांडणी निवडता येते आणि ती आरसी डॉट कॉन्फ फाइलमधील ‘कीमॅप’च्या ओळीत राहिली तरच टिकते, ओपनबीएसडीत ‘केबीडी यूएस’ ही कमांड तात्पुरती आहे आणि कायमची मांडणी ईटीसीमधील ‘केबीडीटाइप’ फाइलमध्ये लिहावी लागते. मेमरीतला तक्ता एक आणि सुरू होताना वाचली जाणारी फाइल दुसरी, ही विभागणी तिथेही तीच आहे.

मराठीसाठी म्हणून ‘इंडिया’ निवडू नये

वाचनालयातल्या या यंत्राची गोष्ट सांगितल्यावर एका परिचिताने विचारले की पुस्तकांची नावे मराठीत भरायची असल्यामुळे मांडणीच सरळ ‘इंडिया’ का निवडू नये. एक्सच्या यादीतील ‘आयएन’ ही मांडणी देवनागरीची आहे. डेबियनची मांडणी-विचारणा अशा वेळी रोमन आणि देवनागरी यांच्यात अदलाबदल करणारी कळ कोणती ठेवायची हेही विचारते, आणि ती कळ कोणती ठेवली हे पुढच्या माणसाला ठाऊक नसते. त्यात लिनक्सच्या कन्सोलच्या फॉन्टमध्ये २५६ किंवा फार तर ५१२ आकृत्या मावतात आणि अक्षरांची जोडणी करण्याची सोय त्यात नसते, म्हणजे वेलांटी आणि जोडाक्षरे धडपणे दिसणे शक्यच नाही. पडद्यावर चौकोन उमटत असताना पासवर्ड शोधत बसण्याची वेळ येते. मराठी नोंदी डेस्कटॉप असलेल्या संगणकावरून ब्राउझरमध्ये भराव्यात. कन्सोलला ‘यूएस’ पुरते. रुपयाचे चिन्ह हवे म्हणून ‘आयएन’मधील इंग्रजीचा उपप्रकार निवडला तर बाकीची मांडणी अमेरिकीच राहते आणि उजव्या अल्टसह ४ दाबल्यास ₹ मिळतो, परंतु कन्सोलच्या फॉन्टमध्ये त्याची आकृती नसेल तर तो दिसणार नाही, आणि पासवर्डमध्ये तर तो कधीच घालू नये.

वाचनालयात मी आधी पासवर्ड अक्षरांचा आणि अंकांचा केला, फाइलमधली दोन अक्षरे बदलली, सेटअपकॉन आणि अपडेट-इनिटरॅमएफएस चालवले, बॅशआरसीमधली ओळ काढली, आणि मग रीबूटवर न थांबता यंत्र रीतसर बंद करून भिंतीवरचे बटणही बंद केले, कारण इथे दोषाची ओळख विजेवरूनच होती. पुन्हा सुरू झाल्यावर बाईंनी स्वतः लॉगिनच्या ओळीत शिफ्टसह २ दाबले. @ उमटला. जुनी चिठ्ठी त्यांनी काढू दिली नाही. तिच्याखाली निळ्या शाईने एक ओळ वाढवली: ‘आधी नावाच्या जागी @ दाबून पाहणे, बरोबर आले तरच पासवर्ड.’